पीएफचा प्रशासकीय खर्च : काजू फॅक्टरीच्या हिशेबातल्या या चुका टाळा

वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यातल्या काजू फॅक्टऱ्यांत पीएफच्या चलनाचा घोळ बहुतेक वेळा खाते क्रमांक 2 वर होतो. पीएफ कार्यालयातले पगार, इमारती, संगणक यांचा खर्च मालकांकडून वेगळा वसूल होतो आणि तो याच खात्यात जमा होतो. म्हणूनच ही रक्कम काजू सोलणाऱ्या बायकांच्या पगारातून कापायची नसते. त्यांचे 12 टक्के कापले की त्यांचा भाग संपला.

जुनी एक्सेल शीट हे चुकीचं पहिलं घर. 1 जून 2018 पासून प्रशासकीय खर्चाचा दर पगाराच्या 0.50 टक्के आहे. त्यामुळे मालकाची बेरीज 13 टक्के होते : 12 पीएफ-पेन्शनचे, 0.50 विम्याचे, 0.50 प्रशासनाचे. शीटमध्ये अजून 13.36 किंवा 13.15 दिसत असेल तर तो 2018 च्या आधीचा सांगाडा आहे. विम्याचा प्रशासकीय खर्च, म्हणजे खाते 22, एप्रिल 2017 पासून शून्य आहे.

खरी गंमत पावसाळ्यात. प्रशासकीय खर्चाचे महिन्याला किमान 500 रुपये भरावेच लागतात. हंगामात 25 कामगार, प्रत्येकी 12,000 पगार, म्हणजे 3 लाखांवर 1,500 रुपये. इथे किमान रकमेचा प्रश्नच येत नाही. आगोट झाली, सहाच माणसं राहिली की 72,000 वर 360 रुपये निघतात. तरी भरायचे 500. ज्यावर पीएफ भरता तो एकूण पगार 1 लाखाच्या खाली गेला की हा नियम लागतो, एवढं डोक्यात ठेवा.

फॅक्टरी पूर्ण बंद, एकही वर्गणीदार सभासद नाही, अशा महिन्याला 75 रुपये लागतात. पण राखणदाराचा पीएफ चालू असेल तर बंद फॅक्टरीलाही 500 च. बंद महिन्याची रक्कम पोर्टलवर थेट चलनाने भरता येते. ‘माणसंच नाहीत, मग काय भरायचं’ म्हणून महिना रिकामा सोडू नका. आणि कामगार 20 च्या खाली आले म्हणून कायद्यातून सुटका होत नाही. एकदा लागू झालं की लागू.

पीएफच्या हिशेबातली 15,000 पगाराची मर्यादा सगळीकडे लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. पेन्शन 1,250 ला आणि विमा 75 ला थांबतो. पण सुपरवायझरचा पीएफ पूर्ण 20,000 वर भरत असाल तर प्रशासकीय खर्चही 20,000 वरच, म्हणजे 100 रुपये.

ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, असं वेगळं खातं नाही. मालकाच्या 3.25 टक्क्यांतच सगळं आलं, त्यामुळे तिथला हिशेब पीएफच्या शीटवर बेतू नका.

चलन पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरा. उशिराला वर्षाला 12 टक्के व्याज लागतं आणि दंड वेगळा. 500 रुपयांवर व्याज महिन्याला जेमतेम 5 रुपये. पण त्याची नोटीस कित्येक महिन्यांनी येते, आणि तेव्हा जुनी हजेरीपत्रकं ओलीने चिकटलेली असतात. चलनाची पीडीएफ महिन्यागणिक फोल्डर करून ठेवा.