मऊ आमिषाचा रंग तापल्यावरच पारखावा
मासेमारीच्या गळाची मऊ प्लास्टिकची आमिषे घरी साच्यात ओतताना लक्षात ठेवावे की कच्चे प्लास्टिसॉल (आमिषे ज्यापासून बनतात ते द्रव प्लास्टिक) दुधासारखे पांढरे असते आणि सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापून पारदर्शक झाल्याखेरीज त्यात घातलेल्या रंगाची खरी छटा कळत नाही. म्हणून थंड मिश्रण फिके दिसले तरी रंग वाढवू नये. ‘ग्रीन पंपकिन’सारख्या मातकट हिरव्या छटेसाठी हिरव्यात तपकिरी रंग थेंबाथेंबाने मिसळावा, आणि काळा, जो बाकीच्या साऱ्या छटा चटकन गिळतो, काडीच्या टोकानेच लावावा. थोडे मिश्रण आमिषाच्या जाडीइतके गोठवून उजेडासमोर धरावे, कारण पातळ थर नेहमीच फिकट भासतो. पसंत पडलेले प्रमाण लिहून ठेवावे. काम मोकळ्या हवेत करावे. तापल्या मिश्रणात पाण्याचा थेंबही पडला तर ते उसळते.