रिग्रेशन शिकायचंय? पन्नास गाड्या पुरेत

रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेष काढणं. ते शिकायचं म्हणून बरेच जण सूत्रांपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या प्रकरणात गळपटतात. त्यापेक्षा एकच छोटा डेटा घ्या आणि तो पिळून काढा.

त्यासाठी 'आर' बरी. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेली ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा फुकट मिळते. आधी आर, मग ती सोयीने वापरण्यासाठी आरस्टुडिओ, या क्रमाने उतरवून घ्या.

कन्सोलवर (कमांड लिहायच्या खिडकीत) इंग्रजीत 'कार्स' लिहून एंटर दाबा; हा डेटा आरसोबतच येतो. सगळी अक्षरं स्मॉल. कॅपिटल दिसलं की आरला ते वेगळंच नाव वाटतं. पन्नास ओळी येतील: 'स्पीड' ताशी मैलांत, आणि 'डिस्ट' म्हणजे गाडी थांबेपर्यंतचं अंतर, फुटांत. गाड्या १९२०च्या दशकातल्या आहेत, तेव्हा स्वतःच्या ब्रेकचा हिशेब यावरून मांडू नका!

आता 'प्लॉट' आणि कंसात 'कार्स'. ठिपके वर चढताना दिसले की मगच मॉडेल. कमांड 'एलएम'. यातला एल म्हणजे एकचा आकडा नव्हे. माझा अर्धा तास यातच गेला होता. कंसात डिस्ट, मग टिल्ड (एस्केपच्या खालच्या बटणावरची नागमोडी खूण), मग स्पीड; स्वल्पविराम देऊन 'डेटा = कार्स'. ज्याचा अंदाज हवा ते टिल्डच्या डावीकडे. उत्तर 'मॉडेल' नावाने साठवा आणि त्याची 'समरी' मागा.

स्पीडसमोर ३.९३ दिसेल: वेग ताशी एका मैलाने वाढला की अंतर सरासरी जवळजवळ चार फुटांनी वाढतं. इंटरसेप्ट, म्हणजे वेग शून्य असतानाचा अंदाज, मात्र उणे १७.५८. म्हणजे उभी गाडी थांबायला उणे साडेसतरा फूट? डेटातला सर्वांत कमी वेग ४ आहे. त्याच्या अलीकडे रेष नुसती ओढून नेलेली आहे. आर-स्क्वेअर, म्हणजे अंतरातल्या चढउतारांपैकी मॉडेलने उलगडलेला वाटा, ०.६५. यावर खूश होऊन बरेच जण इथेच थांबतात.

तुम्ही २३वी ओळ पाहा. वेग १४, अंतर ८० फूट. मॉडेलचा अंदाज साडेसदतीस. त्याच वेगाची २०व्या ओळीतली गाडी २६ फुटांतच थांबली आहे. प्रत्यक्ष अंतर वजा अंदाज, हाच रेसिड्युअल. आता 'प्लॉट'च्या कंसात 'मॉडेल' द्या. पहिल्याच चित्रात ठिपके उजवीकडे फाकत जातात आणि लाल रेषेला बाक येतो.

बाक का, ते शाळेतलं भौतिकशास्त्र सांगतं: ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. मग स्पीडच्या पुढे अधिक चिन्ह देऊन तिचा वर्गही जोडा. तो कॅपिटल 'आय'च्या कंसात लिहावा लागतो. आर-स्क्वेअर जेमतेम ०.६७ होईल, पण इंटरसेप्ट २.४७ वर येईल. आणि स्पीडसमोरचे तारे (आकडा निव्वळ योगायोग नसावा, याची समरीतली खूण) गायब होतील, वर्गासमोरही एक उगवणार नाही. मॉडेल बिघडलेलं नाही. वेग आणि त्याचा वर्ग एकमेकांना इतके चिकटून चालतात, की कुणाचं श्रेय किती हे पन्नास गाड्यांवरून आरला वेगळं काढता येत नाही.