बहुथरी नेटवर्कची जोडणी तपासताना या चुका टाळा

दिशा असलेल्या नेटवर्कमध्ये ‘जोडलेले’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. दिशा न पाहता वाट सापडली की वीक. जाता येते तसे परतही येता आले की स्ट्राँग. त्यात बस, शेअर रिक्षा, रेल्वे असे थर आले की गफलत होते, आणि ती बहुतेक वेळा अल्गोरिदममध्ये नसते, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लिंका) बांधताना झालेली असते.

समजा, नाशिक शहरात बसच्या थरात निमाणी → द्वारका → नाशिकरोड एवढेच आहे आणि रिक्षाच्या थरात नाशिकरोड → निमाणी. थर एकत्र केले तर तिन्ही ठिकाणांचा एक स्ट्राँग कंपोनंट (ज्यात कुठूनही कुठेही जाता-येता येते असा गट) मिळतो. आता प्रत्येक ठिकाणाची थरागणिक प्रत करा, म्हणजे ६ नोड (बिंदू). नाशिकरोडला बसमधून रिक्षात जाण्याची लिंक दिली, पण निमाणीला रिक्षातून बसमध्ये येण्याची राहून गेली, तर एकही चक्र उरत नाही. सगळे कंपोनंट एकेका नोडचे. ती एक लिंक टाका, लगेच ५ प्रतींचा कंपोनंट तयार होतो. सहावी प्रत, रिक्षाच्या थरातली द्वारका, तिला लिंकच नाही. अशा रिकाम्या प्रती आधीच काढा, नाहीतर कंपोनंटची संख्या उगाच फुगते. आणि आकडा कशाचा ते लिहा: इथे प्रती ६ पैकी ५, ठिकाणे मात्र ३ पैकी ३.

उलट चूकही तितकीच होते. सगळ्या थांब्यांवर दोन्ही दिशांनी थर बदलण्याची लिंक सरसकट टाकली की निकाल छान दिसतो, पण तो तुम्ही टाकलेल्या लिंकांचाच असतो. जिथे खरोखर उतरून दुसरे वाहन धरता येते तिथेच ती द्या.

जीटीएफएस (सार्वजनिक वाहतुकीचे मार्ग, थांबे, वेळापत्रक देण्याचा प्रमाणित फॉरमॅट) डेटात जाण्याचा आणि येण्याचा थांबा बऱ्याचदा दोन वेगळ्या क्रमांकांनी येतो. चालण्याची लिंक नसेल तर एकच मार्ग दोन सुट्या साखळ्या होतो आणि स्ट्राँग कंपोनंटचा चुरा होतो. १०० मीटरच्या आतले थांबे जोडून पाहा. मात्र द्वारकासारख्या मोठ्या चौकात रस्ता पायी ओलांडता येतो का, हे नकाशावर तपासूनच.

नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीत साध्या डायग्राफला (दिशा असलेल्या ग्राफला) दोन थरांतली एकच लिंक दिली तर पहिल्या थराचे नाव दुसऱ्या वेळी पुसले जाते. एरर येत नाही, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो. नोड (ठिकाण, थर) अशा जोडीने ठेवा, किंवा मल्टीडायग्राफमध्ये (त्यात दोन नोडांत एकाहून जास्त लिंका ठेवता येतात) थराचे नाव लिंकची ‘की’, म्हणजे ओळखखूण, म्हणून द्या.

मनपा हद्दीवर डेटा कापू नका. सिन्नर किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊन परतणाऱ्या मार्गाचे चक्र तिथे तुटते आणि हद्दीजवळचे थांबे बो-टायच्या (मधे सर्वात मोठा स्ट्राँग कंपोनंट, एका बाजूला त्यात फक्त जाता येणारा ‘इन’, दुसऱ्या बाजूला त्यातून फक्त बाहेर पडता येणारा ‘आउट’ अशा मांडणीच्या) ‘इन’ किंवा ‘आउट’ भागात पडल्यासारखे दिसतात. मार्ग शेवटच्या थांब्यापर्यंत घ्या, हद्दीची गाळणी निकालावर लावा.

प्रत्येक थरात स्वतंत्रपणे जोडलेला गट हवा असेल, तर दोन थरांच्या कंपोनंटमधले सामाईक नोड काढून थांबू नका. त्यांच्यातली वाट वगळलेल्या नोडमधून जात असू शकते. उरलेल्या नोडांवर दोन्ही थरांचे कंपोनंट पुन्हा काढा, आणि एकही नोड गळेनासा होईपर्यंत हेच करत राहा.