ब्रिटनच्या उन्हाळ्यात हवामानाचा अंदाज वाचताय? या चुका टाळा

रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणक प्रणालीचा, दिवसातला शेवटचा रन (गणिताची एक फेरी) यायला लागतो. इंग्लंडमधले हवामानवेडे त्याला ‘पब रन’ म्हणतात, कारण पब बंद व्हायची वेळ आणि हा रन उतरायची वेळ साधारण एकच. रेडिंगला राहायला आल्यापासून उन्हाळ्यात मीही त्याची वाट बघत जागते. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राचं मुख्यालय आमच्या याच गावात आहे, त्यामुळे इथे भाजी घेताना किंवा बसथांब्यावरही मॉडेलवर बोलणारी माणसं भेटतात.

पण उकाडा वाढला की या बोलण्यात दरवर्षी त्याच चुका होतात. नागपूरहून, पुण्याहून घरच्यांचे फोन येतात तेव्हाही त्याच. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत.

दहाव्या दिवसाचा लाल नकाशा

सगळ्यात मोठी चूक ही. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि दर वेळी सोळा दिवस पुढचं चित्र देतं. एखाद्या रनमध्ये दहाव्या दिवशी लंडनवर ३८ चा आकडा उमटतो, नकाशा लालभडक होतो आणि स्क्रीनशॉट फिरू लागतात. सहा तासांनी पुढचा रन येतो आणि त्यात तोच दिवस २१ अंशांचा, ढगाळ. मग सगळे मॉडेलवर चिडतात.

दोष मॉडेलचा नसतो. ब्रिटनमध्ये खरी काहिली होते ती बहुतेकदा स्पेन आणि फ्रान्सवर तापलेली हवा उत्तरेला ढकलली गेली की. त्यासाठी पोर्तुगालच्या पश्चिमेला, अटलांटिकवर, कमी दाबाचं क्षेत्र नेमक्या जागी थबकावं लागतं. त्याच्या पूर्वेच्या अंगाने दक्षिणेचे वारे वाहतात आणि ती झळ इंग्लंडपर्यंत पोचते. हेच क्षेत्र काहीशे किलोमीटर पूर्वेला सरकलं, तर झळ जर्मनी-डेन्मार्ककडे निघून जाते आणि लंडनला अटलांटिकचा गार वारा मिळतो. म्हणजे समुद्रावरच्या एवढ्याशा फरकाने ३५ आणि २२ यांतलं एक ठरतं. दहा दिवस आधी तो फरक नक्की सांगणं कुठल्याच मॉडेलला जमत नाही.

म्हणून एक रन न बघता एन्सेम्बल बघा. ईसीएमडब्ल्यूएफ सुरुवातीच्या स्थितीत बारीक बारीक फरक करून एकाच वेळी ५१ रन चालवतं. त्या रेषांचा गुंता आलेखावर बघितला की कळतं, पाचव्या दिवसापर्यंत रेषा एकमेकींना धरून चालल्या आहेत की तिसऱ्या दिवशीच पांगल्या आहेत.

इथेही एक खड्डा आहे. पुष्कळ जण मधली सरासरीची जाड रेषा वाचतात आणि म्हणतात, “२६ अंश, छान हवा.” नीट बघितलं तर निम्म्या रेषा ३२ कडे गेलेल्या असतात आणि निम्म्या २० कडे. २६ च्या आसपास एकही नसते. अशा वेळी सरासरी हा असा दिवस असतो जो कधी येणारच नाही. रेषांचे दोन गट पडले आहेत का, हे आधी तपासा. पडले असतील तर घरात दोन्ही शक्यता सांगा.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून माझी मावशी येणार होती. दहा दिवस आधीच्या एका सुंदर लाल नकाशावर विसंबून मी तिला फोनवर सांगितलं, “स्वेटर नको आणूस गं, इथे भाजून निघायला होणार आहे.” ती उतरली तेव्हा १६ अंश होते आणि दोन दिवस झिमझिम थांबली नाही. ती काही बोलली नाही, पण माझा कोट घालून हिंडली. तेव्हापासून मी नियम पाळते: सात-दहा दिवस आधी फक्त कल बघायचा, चार-पाच दिवस आधी मांडणी, म्हणजे उच्च दाब कुठे आणि वारा कुठून, आणि आकडा तीन दिवसांच्या आत आल्यावरच उच्चारायचा.

“पन्नास टक्के म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही”

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ब्रिटनच्या हवामान इतिहासातला एक फार चांगला अंदाज याच भाषेत दिला गेला होता.

१५ जुलै २०२२, शुक्रवार. मेट ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याने, इतिहासात पहिल्यांदाच तीव्र उष्णतेचा लाल इशारा दिला, १८ आणि १९ जुलैसाठी. सोबत सांगितलं की पारा ४० ला पोचण्याची शक्यता ५० टक्के आणि जुना विक्रम मोडण्याची ८० टक्के. जुना विक्रम होता ३८.७ अंश, २०१९ चा. या देशात ४० अंश कधीच नोंदले गेले नव्हते. जे कधी घडलेलंच नाही त्याला चार दिवस आधी ‘अर्धी शक्यता’ म्हणणं हे फार मोठं विधान होतं.

सोमवारी १८ तारखेला सफोकमधल्या सँटन डाउनहॅमला ३८.१ नोंदले गेले. विक्रम मोडला नाही. त्या संध्याकाळी माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी निकाल देऊन टाकला की उगाच घाबरवलं. मंगळवारी दुपारच्या आतच जुना विक्रम मागे पडला आणि शेवटी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ झाले. पूर्व लंडनमध्ये वेनिंग्टन गावात आगीने घरं जळाली. इशारा दोन दिवसांचा असताना पहिल्या दिवसावरून त्याची परीक्षा करणं ही चूक त्या मंगळवारने फार कठोरपणे दाखवून दिली.

विक्रमाची घाई

२५ जुलै २०१९ च्या संध्याकाळी सगळे हळहळत झोपले होते. दिवसभरात सर्वाधिक ३८.१, तेही केंब्रिजला; म्हणजे २००३ चा फॅव्हर्शमचा ३८.५ चा विक्रम थोडक्यात वाचला असं वाटलं. नंतर कळलं की केंब्रिजच्याच वनस्पती उद्यानातल्या तापमापकावर त्या दिवशी ३८.७ नोंदले गेले होते. तिथली नोंद आपोआप येत नव्हती, माणसाने वाचून कळवायची होती, आणि मग उपकरणाची तपासणी होऊन चार दिवसांनी ती पक्की झाली.

उलटही होतं. जून २०१८ मध्ये मदरवेलला ३३.२ अंश नोंदले गेले आणि स्कॉटलंडचा विक्रम मोडल्याची बातमी झाली. नंतर लक्षात आलं की तापमापकाच्या कुंपणाजवळ एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. नोंद रद्द झाली. ‘तात्पुरती’ असा शब्द नोंदीसोबत दिसला, तर तो शोभेसाठी नसतो.

मग आपल्या गच्चीवरच्या, बाल्कनीतल्या किंवा गाडीतल्या तापमापकाचं काय? अधिकृत नोंद पांढऱ्या, झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत होते. ती हिरवळीवर असते आणि तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंच. उन्हात तापलेल्या विटेच्या भिंतीला टेकवलेलं उपकरण ४१ दाखवत असेल, तर ते भिंतीचं तापमान सांगतंय. घरी मोजायचंच असेल तर उत्तरेकडची सावली निवडा, भिंतीपासून दूर, हवा खेळती राहील अशी.

नकाशावरची वेळ आणि उंची

दोन छोट्या गोष्टी, पण गोंधळ मोठा.

नकाशावर ‘१२’ लिहिलेलं असतं ते जागतिक प्रमाणवेळेत. उन्हाळ्यात ब्रिटनचं घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणजे तिथे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो आणि भारतात साडेपाच. ब्रिटनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तोच एकच्या सुमारास, आणि पारा चढत राहतो चार-पाच वाजेपर्यंत. त्यामुळे बाराच्या नकाशावरचा ३१ हा दिवसाचा कमाल आकडा समजू नका. संध्याकाळच्या सहाचा नकाशा आणि कमाल तापमानाचा वेगळा नकाशा, दोन्ही बघा.

दुसरं, जाणकार मंडळी ‘८५० ला २०’ असं बोलतात. ते सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या थरातल्या हवेचं तापमान असतं. कोरडी हवा किलोमीटरभर खाली आली की जवळपास दहा अंशांनी तापते, म्हणून निरभ्र दिवशी वरच्या २० चे जमिनीवर ३५ होऊ शकतात. होतीलच असं नाही. ढग किंवा समुद्रावरचा वारा असेल तर पारा अडकतो; माती ओली असेल तर ऊन बाष्पीभवनात खर्ची पडतं आणि तेव्हाही तो अडकतो. म्हणून गेल्या महिन्याभराचा पाऊसही बघा. २०२२ चा जुलै इंग्लंडमध्ये १९३५ नंतरचा सर्वात कोरडा जुलै ठरला होता. ऊन सरळ जमीन तापवत होतं.

“३० अंश? आमच्याकडे चैत्रात याहून जास्त असतं!”

हे आपल्या लोकांकडून सर्वात जास्त ऐकू येतं. नागपूरहून काका फोनवर हसतात तेव्हा मला राग येत नाही, पण मी त्यांना समजावून सांगते.

भारतात मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला सहसा कमाल तापमान किमान ४० आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त लागतं. मेट ऑफिसचा निकष असा: सलग तीन दिवस कमाल तापमानाने त्या भागासाठी ठरवलेला आकडा गाठायचा. हा आकडा स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये २५ आहे. लंडन आणि आसपासच्या काही काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) २८. त्यामुळे एकच दिवस ३३ झाले तर ती इथे लाट नव्हे, आणि एडिंबराला तीन दिवस २५ झाले तर ती लाट. दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून हसण्यात अर्थ नाही, कारण निकष तिथल्या माणसांच्या आणि घरांच्या सवयीवरून ठरलेला असतो.

इथली घरं थंडी अडवायला बांधलेली आहेत. पंखा छताला नसतो, एसी क्वचित. आपल्याकडच्यासारखं उंच छत नाही, वाळ्याचे पडदे नाहीत, ओसरी नाही. दिवसा शिरलेली उष्णता रात्री बाहेर पडत नाही. रेल्वेचे रूळ २७ अंशांच्या हिशोबाने ताणून बसवलेले असतात, आणि उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांनी जास्त तापू शकतात. म्हणून गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. २०२२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उष्णतेच्या काळात नेहमीपेक्षा सुमारे ३ हजार मृत्यू जास्त झाल्याचा सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. त्यात बहुतेक वयस्कर माणसं होती.

म्हणून कमाल तापमान बघून थांबू नका, किमान बघा. रात्री पारा २० च्या खाली उतरला नाही तर त्या रात्रीला इथे ‘ट्रॉपिकल नाइट’ म्हणतात. मुंबईकराला हे काहीच वाटणार नाही, पण विटांच्या बंद घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना अशा सलग दोन रात्री फार जड जातात. खिडक्या-पडदे दिवसा बंद आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावर उघडे, हा क्रम अंदाजातल्या तासावार आकड्यांवरून ठरवा.

इशारेही दोन वेगळे आहेत. मेट ऑफिसचा तीव्र उष्णतेचा इशारा फक्त अंबर (केशरी) किंवा लाल असतो. आरोग्य यंत्रणेचा उष्णता-आरोग्य इशारा फक्त इंग्लंडसाठी असतो, १ जून ते ३० सप्टेंबरच्या काळात, आणि त्यात पिवळाही रंग आहे. पिवळा आला म्हणजे मेट ऑफिसने धोक्याची घंटा वाजवली असं सांगत सुटू नका. पण घरात कुणी आजारी किंवा म्हातारं असेल तर तो पिवळाही तुमच्यासाठीच आहे.

किनारा आणि वादळ

फोनवर ‘यॉर्कशायर २८, ऊन’ वाचून मुलांना घेऊन तिथल्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोला जाणारी कुटुंबं मला माहीत आहेत. वारा पूर्वेकडून असेल तर उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून धुकं आत येतं. ईशान्य इंग्लंडमध्ये त्याला ‘फ्रेट’ म्हणतात, स्कॉटलंडमध्ये ‘हार’. किनाऱ्यावर १७ अंश आणि तासाभराच्या अंतरावर आत २८, असा प्रकार उच्च दाबाच्या सुंदर दिवसांतही होतो. पूर्व किनाऱ्याला निघण्याआधी आकडा नको, वाऱ्याची दिशा बघा.

आणि लाट मोडताना येणारं वादळ. इथे त्या दक्षिणेच्या हवेच्या लोटाला ‘स्पॅनिश प्लूम’ म्हणतात. आपला वळीव ज्याने अनुभवलाय त्याला ते लगेच कळेल: दिवसभर तलखी, मग पश्चिमेला काळंभोर आभाळ, एका गावात गारा आणि पलीकडच्या गावात थेंब नाही. ॲपवर दुपारी तीनला २० टक्के दिसले म्हणून ‘पाऊस नाही’ असं ठरवणं चूक. ते २० टक्के त्या ठिकाणच्या त्या एका तासाचे असतात. तीन, चार, पाच, सहा असे प्रत्येक तासाला २० असतील, तर सबंध दुपारभरात कधीतरी भिजण्याची शक्यता बरीच जास्त होते. ढगाचं चिन्ह दर तासाला बदलतंय म्हणून ॲप बिघडलंय असंही नाही. कुठला ढग कुठे फुटेल हे सकाळी कुणालाच ठरवता येत नाही. अशा दिवशी सकाळी मेट ऑफिसच्या माणसांनी लिहिलेला मजकूर वाचा, आणि दुपारनंतर चिन्हं सोडून रडार उघडा. पावसाचे रंगीत ठिपके कुठून कुठे सरकताहेत ते दहा मिनिटं बघितलं, की पुढच्या तासाभरात बागेतली सतरंजी उचलायची की नाही ते समजतं.