नेटीमधील थेट मेमरी : जावाची आवृत्ती बदलताना या चुका टाळा

जळगावहून मी एक जावा सर्व्हर सांभाळतो. रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीबागांमध्ये ठिबक संचांवर बसवलेली यंत्रे पाण्याच्या दाबाची व प्रवाहाची मापे त्याच्याकडे पाठवतात. शेतीच्या फीडरवर वीज परत आली की शेकडो यंत्रे एकाच मिनिटात जोडणी मागतात, आणि मेमरीच्या हाताळणीत कुठे कच्चे काम राहिले असेल तर ते त्याच मिनिटात उघडे पडते. हा सर्व्हर नेटी या नेटवर्कवरील जोडण्या सांभाळणाऱ्या जावा लायब्ररीवर उभा आहे. ती ‘थेट मेमरी’ वापरते, म्हणजे हीपच्या (जावाच्या वस्तू राहतात त्या मेमरीच्या) बाहेर घेतलेली मेमरी, आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

जावा २४ वर जाताच अनेकांना लॉगमध्ये ‘अनसेफ’ वर्गाविषयीचा इशारा दिसतो. हा वर्ग २००२ च्या सुमारास जेडीकेच्या (जावाच्या मूळ साधनसंचाच्या) अंतर्गत वापरासाठी आला. त्याच्या ८७ मेथडपैकी ७९ मेमरीला हात घालणाऱ्या आहेत आणि २०२४ मध्ये जावा २३ ने त्या काढून टाकण्याच्या यादीत घातल्या. नेटीसारख्या लायब्ररींनी त्या वापरल्या त्यामागे खरे कारण होते : सीमा न तपासता थेट पत्त्यावर वाचता-लिहिता येते आणि घेतलेली मेमरी कचरा-संकलकाची (वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या जावाच्या भागाची) वाट न पाहता तत्काळ परत करता येते. त्याची किंमत अशी की पत्ता चुकला तर एक्सेप्शन मिळत नाही, अख्खी प्रक्रियाच कोसळते. म्हणून जावा सुरू करताना ‘अलाउ’ हा पर्याय देऊन इशारा गप्प करणे हा उपाय नव्हे. नेटीची अलीकडची आवृत्ती घेणे ही पहिली पायरी आहे.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. इशारा नको म्हणून नेटीचा ‘नो-अनसेफ’ हा अनसेफ न वापरण्याचा पर्याय लावून काही जण मोकळे होतात, परंतु त्यामुळे वेगाइतकाच मेमरीचा हिशेबही बदलतो. नेटी ४.१ मध्ये अनसेफ उपलब्ध असताना थेट मेमरीची मोजणी नेटी स्वतःच्या गणकावर करते. तो मार्ग बंद झाला की वाटप जेडीकेच्या नेहमीच्या मार्गाने होते, प्रत्येक नवा तुकडा आधी शून्यांनी भरला जातो आणि मर्यादा जेडीकेची लागू होते. माझ्या आलेखावर वापरलेली थेट मेमरी अचानक ‘उणे १’ दिसू लागली, तेव्हा मी अर्धा दिवस आलेखाच्या प्रणालीतच दोष शोधत होतो. तो आकडा एवढेच सांगत होता की नेटीचा गणक आता चालू नाही.

मर्यादेचा प्रश्न अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण सर्वाधिक बंद पडण्याचे मूळ तिथे असते असे माझे मत आहे. थेट मेमरीची कमाल मर्यादा वेगळी सांगितली नसेल तर ती हीपच्या कमाल मर्यादेइतकी धरली जाते. २ जीबीच्या कंटेनरमध्ये (मेमरीची ठरावीक मर्यादा घातलेल्या कप्प्यात) हीपला १.५ जीबी दिले, तर थेट मेमरीलाही तितकीच मुभा मिळते, आणि ही बेरीज कंटेनरमध्ये मावत नाही. शिवाय थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचे) स्टॅक, वर्गांची माहिती आणि जेआयटीने (चालू असतानाच यंत्रभाषेतला कोड बनवणाऱ्या भागाने) तयार केलेला कोड यांचा वाटा वेगळाच. अशा वेळी जावा कोणतीही तक्रार न करता नाहीसा होतो आणि मागे फक्त १३७ हा निर्गम-संकेत राहतो, म्हणजे कर्नलने प्रक्रिया मारली. हीप डंप (हीपमधील सगळ्याची नोंद) घेऊन इथे काही हाती लागत नाही. जावाची ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’ ही हीपबाहेरची मेमरीही मोजणारी सोय चालू करून जे-कमांड (jcmd) या साधनाने सारांश पाहावा, आणि ‘मॅक्स डायरेक्ट मेमरी साइझ’ स्पष्टपणे लिहून ठेवावी.

गळतीची चूक सर्वांत जुनी आहे. नेटीचा बफर (आलेली माहिती ठेवण्याचा मेमरीचा तुकडा) संदर्भ-गणनेवर, म्हणजे तो किती जण वापरत आहेत याच्या मोजणीवर चालतो : ज्याने तो शेवटी वापरला, त्याने तो रिलीज करायचा, म्हणजे मोजणी एकने कमी करायची; तसे राहून गेले की गळती होते. ‘सिंपल चॅनल इनबाउंड हँडलर’ हे काम आपोआप करतो, तर ‘चॅनल इनबाउंड हँडलर अ‍ॅडॅप्टर’ करत नाही, आणि एकाऐवजी दुसरा वापरताना हा फरक विसरला जातो. पहिल्या प्रकारात बफर दुसऱ्या थ्रेडकडे सोपवायचा असेल तर आधी रिटेन करावे, म्हणजे मोजणी एकने वाढवावी लागते. नाहीतर गणना शून्यावर गेल्याची एक्सेप्शन येते. गळती-शोधकाची मूळ पातळी ‘सिंपल’ असते आणि ती सुमारे एक टक्का बफरच तपासते, म्हणून लॉगमध्ये ‘लीक’ हा शब्द नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. चाचणीच्या यंत्रावर ‘पॅरानॉइड’ पातळी लावून वीज परत आल्यासारखा जोडण्यांचा लोंढा मुद्दाम सोडावा. प्रत्यक्ष सेवेवर ती पातळी ठेवू नये, कारण तिचा भार मोठा असतो.

बाइटच्या क्रमाची चूक लहान असली तरी फसवी आहे. नेटवर्कचा क्रम मोठ्या टोकाकडून असतो, म्हणजे संख्येचा मोठ्या किमतीचा बाइट आधी येतो, जावाचा बाइटबफरही मुळात तोच पाळतो, मात्र एक्स८६ प्रोसेसरवर अनसेफ यंत्राच्या स्वतःच्या क्रमाने वाचते, आणि तो नेमका उलट असतो. त्यामुळे दोन बाइटांतला १ हा दाब २५६ होऊन येतो.

जावा २२ मध्ये पक्क्या झालेल्या, अनसेफऐवजी वापरायच्या मेमरी एपीआयकडे वळणाऱ्यांनी अरीनाची (घेतलेली मेमरी कधी परत जाईल हे ठरवणाऱ्या वस्तूची) निवड विचारपूर्वक करावी. ‘कन्फाइन्ड’ अरीना स्वस्त आहे, पण ज्या थ्रेडने उघडला त्याच्याबाहेर त्याला हात लावता येत नाही, त्यामुळे इव्हेंट लूपकडून (जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नेटीच्या थ्रेडकडून) कामगार थ्रेडकडे जाणाऱ्या पॅकेटसाठी तो निरुपयोगी ठरतो. ‘शेअर्ड’ अरीना बंद करताना जेव्हीएमला (जावाचा कार्यक्रम चालवणाऱ्या प्रणालीला) इतर थ्रेडशी जुळवून घ्यावे लागते, म्हणून प्रत्येक पॅकेटमागे एक अरीना उघडून मिटवणे फार महाग पडते. मी सर्व्हर सुरू होताना एकच मोठा तुकडा घेतो आणि त्याचे भाग पुन्हा पुन्हा वापरतो.