मराठी मजकुरासाठी एलास्टिकसर्चचा ॲनालायझर: तयारीची यादी

एलास्टिकसर्च या शोधयंत्रणेत मराठीचा तयार ॲनालायझर (मजकूर शोधण्याजोग्या शब्दांत फोडणारा भाग) नाही. म्हणून हिंदीचा उचलून लावायचा मोह होतो, तो आवरा. त्यातलं हिंदी नॉर्मलायझेशन ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसतं आणि ॉ चा ो करतं. दिन आणि दीन एक, बॉल आणि बोल एक. अशी सूट हवीच असेल तर ती वेगळ्या सब-फील्डमध्ये (त्याच मजकुराच्या दुसऱ्या रूपात) द्या.

आधी अक्षरं तपासा. खऱ्या मजकुरातल्या दोनेकशे ओळी घ्या आणि 'दुसऱ्या' हा शब्द किती तऱ्हांनी टाइप झालाय ते बघा. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त आणि य जोडलेला असतो, कुणी साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखे, इंडेक्समध्ये (शोधासाठी साठवलेल्या शब्दसूचीत) दोन निराळे शब्द. ॲ ची तीच गत. मॅपिंग कॅरेक्टर फिल्टरमध्ये (शब्द फोडण्याआधी अक्षरं बदलणाऱ्या पायरीत) र-हलन्त-जॉइनर हे त्रिकूट ऱ-हलन्त कडे वळवा, आणि बाकी उरलेले जॉइनर, नॉन-जॉइनर काढा. नुसते जॉइनर उडवलेत तर 'दुसर्या' उरतो, तो ऱ वापरून लिहिलेल्या 'दुसऱ्या'शी जुळत नाही.

टोकनायझर (शब्द वेगळे करणारा) स्टँडर्ड. लोअरकेस. डेसिमल डिजिट, म्हणजे देवनागरी आणि इंग्रजी (0-9) आकडे एक होतील. स्टॉपवर्ड्स ('आणि', 'पण' असे शब्द) सध्या काढू नका.

प्रत्ययांचं काय? एज एनग्रॅम फिल्टर शब्दाचे सुरुवातीपासून वाढत जाणारे तुकडे इंडेक्समध्ये घालतो, त्यामुळे 'नदी' शोधल्यावर 'नदीत', 'नदीला' आपोआप सापडतात. पण 'पाणी' शोधून 'पाण्यात' सापडत नाही, सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. नेहमीच्या शंभरेक शब्दांसाठी स्टेमर ओव्हरराइडची (कोणतं रूप कोणत्या मूळ शब्दाचं ते सांगणारी) यादी करा आणि ती एज एनग्रॅमच्या आधी ठेवा. नंतर ठेवलीत तर ती तुकड्यांवर चालेल.

आता एज एनग्रॅम, आणि इथे घाई नको. फील्डला सर्च ॲनालायझर (शोधाचा शब्द फोडणारा) वेगळा द्या. पुन्हा सांगतो: सर्च ॲनालायझर वेगळा. तो दिला नाही तर शोधाचा शब्दही तोच ॲनालायझर फोडतो. किमान लांबी २ असेल तर 'पाणी'चे पा, पाण, पाणी असे तीन तुकडे होतात, आणि 'पा'मुळे पाऊस, पालक, पाटी सगळं निकालात. ऑपरेटर 'अँड' करून सुटका नाही. तुकडे एकाच पोझिशनवर बसतात, त्यामुळे त्यांच्यात 'किंवा'च लागतो. एररही येत नाही, निकाल भरपूर दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. सर्च ॲनालायझरमध्ये कॅरेक्टर फिल्टर, लोअरकेस, आकडे, ओव्हरराइड सगळं तेच, फक्त एज एनग्रॅम नको.

चाचणी करताना आणखी एक चकवा. मजकूर कसा फुटतो ते दाखवणाऱ्या ॲनालाइझ एपीआयला फील्डचं नाव दिलंत तर तो इंडेक्सचा ॲनालायझर चालवतो, सर्चचा नाही. म्हणजे सर्च ॲनालायझर विसरलात तरी तिथे काही कळत नाही. ॲनालायझरचं नाव देऊन दोन्ही वेगळे चालवा, आणि व्हॅलिडेट क्वेरी एपीआय एक्सप्लेन पर्यायासह चालवून शोध खरोखर कोणत्या शब्दांवर चाललाय ते डोळ्यांनी बघा.

एज एनग्रॅमची कमाल लांबी १० ठेवू नका. 'विद्यापीठातल्या' हा काने, वेलांट्या, हलन्त धरून १५ कोडपॉइंट्सचा (युनिकोड चिन्हांचा) आहे. १० वर तुकडे संपले, तर पूर्ण शब्द टाइप करणाऱ्याला शून्य निकाल. २० ठेवा, किंवा सर्चच्या बाजूला ट्रंकेट फिल्टर लावून तेवढ्याच लांबीवर कापा.

सिनॉनिम (समानार्थी शब्द) फक्त सर्चच्या बाजूला, सिनॉनिम ग्राफ फिल्टरने, त्याचं अपडेटेबल सेटिंग चालू ठेवून. यादी बदलली की रीलोड पुरतो.

मग नवा इंडेक्स. तो आधी मॅपिंगसकट (फील्डच्या व्याख्येसकट) तयार करा, कारण रीइंडेक्स (जुन्या इंडेक्सचा मजकूर नव्यात भरणं) सेटिंग्ज आणि मॅपिंग नेत नाही. नाहीतर डायनॅमिक मॅपिंगने इंडेक्स बनेल आणि सर्च ॲनालायझर गेला. सर्च ॲनालायझर इंडेक्स टेम्प्लेटमध्येही लिहा, प्रत्येक सब-फील्डलाही. रीइंडेक्सपुरते रेप्लिका (जादा प्रती) ०, रिफ्रेश (नवा मजकूर शोधात आणणं) बंद, नंतर पूर्ववत. एलियस (इंडेक्सचं पर्यायी नाव) एकाच विनंतीत जुन्यावरून नव्याकडे वळवा, जुना इंडेक्स दोन दिवस ठेवा. वळवण्याआधी व्हॅलिडेटमध्ये 'पाणी' टाकून बघा. 'पा' दिसला तर वळवू नका.