हाउसिंग आधी, कॅमेरा नंतर: डाइव्हिंगच्या सफरीसाठी छोटा संच निवडताना

अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या डाइव्हचं बुकिंग झालं की बहुतेक जण आधी कॅमेरा घेतात आणि मग त्याचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्याची जलरोधक पेटी, शोधायला लागतात. इथेच चुकतं. हाउसिंग एकेका मॉडेलच्या मापानं बनतं. नव्या आवृत्तीत एखादं बटण दोन-तीन मिलिमीटर सरकलं, तरी ते बाहेरून दाबणारी जुन्या हाउसिंगची दांडी त्याच्यावर नीट बसत नाही. काही चांगल्या कॅमेऱ्यांना तर हाउसिंग कोणी बनवतच नाही. म्हणून आधी हाउसिंग पक्कं करा, त्यात बसणारा कॅमेरा मग घ्या. ऑलिम्पसचं पीटी-०५९ हे हाउसिंग टीजी-६ या छोट्या जलरोधक कॅमेऱ्यासाठी आलं होतं आणि २०२३ मध्ये आलेला ओएम सिस्टमचा (ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यांचा आताचा ब्रँड) टीजी-७ सुद्धा त्यात बसतो, पण असं दर वेळी होत नाही. कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलचं नाव शब्दशः दिसलं तरच पैसे भरा.

खोली आणि दाब

समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर बाहेरून चौपट दाब असतो आणि हाउसिंगच्या आत मात्र किनाऱ्यावरचीच हवा. डाइव्हिंगच्या पहिल्या पातळीचं, म्हणजे ओपन वॉटरचं, प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं, अ‍ॅडव्हान्स्डचं ३० चं, आणि हौशी डाइव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. त्यामुळे ४० किंवा ४५ मीटरचं रेटिंग असलं की पुरे, ६० मीटरसाठी जास्तीचे पैसे घालवू नका.

टीजी-७ हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत चालतो, मग हाउसिंग कशाला, असं वाटतं. एक तर १८ मीटरच्या डाइव्हला तो पुरत नाही. दुसरं म्हणजे बॅटरीच्या झाकणाखाली वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं. टीजीला हाउसिंग घातलं की दुहेरी कवच होतं: उथळ पाण्यात हाउसिंग गळलं तरी आतला कॅमेरा बहुधा वाचतो. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेचा सेन्सर बराच मोठा आहे आणि कमी उजेडात त्याचे फोटो निःसंशय सरस येतात, पण त्याला हे दुसरं कवच नाही. पहिल्या दोन-तीन सफरींसाठी टीजी घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्लास्टिक की अ‍ॅल्युमिनियम

विमानप्रवास धरला तर पॉलिकार्बोनेट, म्हणजे हलकं पण मजबूत प्लास्टिक. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि कॅमेरा, हाउसिंग, सुट्या बॅटऱ्या हे सगळं केबिनमध्येच न्यायचं असतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. पारदर्शक हाउसिंगचा आणखी एक गुण म्हणजे आत थेंब आला तर लगेच दिसतो. अवगुण असा की प्लास्टिक उष्णता लवकर बाहेर सोडत नाही, कॅमेरा तापतो आणि काचेवर धुकं धरतं. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग जास्त टिकतं, त्याची बटणं हाताला नेमकी लागतात, पण ते जड आणि बरंच महाग पडतं.

हातात घेऊन काय तपासायचं

कॅमेरा आत घालून शटर अर्धं दाबा. फोकस लागून बोट तिथेच थांबवता आलं पाहिजे. ज्या हाउसिंगचं शटर एकदम खाली जातं, त्यातून मासा कधीच स्पष्ट येत नाही. मोडची चकती बाहेरून फिरते का, व्हिडिओचं बटण चुकून दाबलं जातं का, हेही पाहा.

पुढची काच, म्हणजे पोर्ट, सपाट असेल तर पाण्याच्या अपवर्तनामुळे (पाण्याचा अपवर्तनांक १.३३) लेन्सचा कोन जवळजवळ पाव भाग आक्रसतो. म्हणून पोर्टवर बाहेरून वाइड किंवा क्लोज-अप लेन्स लावायला आटे हवेत. ६७ मिलिमीटरच्या आट्यांना सर्वाधिक लेन्स मिळतात. लांब झूमच्या कॅमेऱ्यात आणखी एक पेच असतो. आरएक्स१०० च्या सातव्या मॉडेलची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर आहे. ती पूर्ण बाहेर येण्याइतका पोर्ट लांब ठेवला, तर झूम मागे घेऊन बाहेरून वाइड लेन्स लावताच फोटोचे कोपरे काळे पडतात. पोर्ट बदलता येत असेल तरच हा कॅमेरा घ्या.

उजेडाचंही आधीच बघा. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच विरतो. बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे हाउसिंगला जोडायचा वेगळा जोरदार फ्लॅश, लावायचा तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड फायबर केबलनं त्याच्यापर्यंत न्यावा लागतो, म्हणजे हाउसिंगवर केबलची जागा आणि कॅमेऱ्यात फ्लॅश, दोन्ही हवं. सोनीच्या झेडव्ही-१ या छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅशच नाही, त्यामुळे तिथे या मार्गानं स्ट्रोब पेटत नाही, व्हिडिओ लाइट घ्यावा लागतो. तारकर्ली-मालवणच्या पाण्यात गाळ असतो. तिथे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशनं समोरचे कण चमकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. अशा पाण्यात लांबचं दृश्य सोडून द्या. टीजीच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो, तेव्हा प्रवाळावरचा इवलासा कोळंबी-खेकडा टिपा. मधलं पाणी जितकं कमी, तितकं चित्र स्वच्छ.

व्हॅक्यूम व्हॉल्व्हची सोय मिळत असेल तर बाकी एखादी हौस कमी करून ती घ्या. छोट्या पंपानं आतली थोडी हवा काढायची आणि अर्धा तास इशारादिवा पाहायचा. हिरवा टिकला तर सील पक्कं. पाण्यात उतरण्याआधीच गळती कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही. मात्र पंप केलेलं हाउसिंग उन्हात ठेवू नका. हवा तापून दाब वाढतो आणि दिवा विनाकारण लाल होतो.

ओ-रिंग

ओ-रिंग म्हणजे झाकणाच्या खाचेत बसून पाणी अडवणारं लवचिक कडं. बहुतेक गळती तिच्यावरच्या कुसळामुळे होते. एक केस, टॉवेलचा एक धागा आडवा पडला की त्याच्या दोन्ही बाजूंना सुईएवढी वाट राहते. गंमत म्हणजे ही गळती पहिल्या दोन-तीन मीटरांतच जास्त होते. खोल गेल्यावर दाबच झाकण घट्ट आवळतो.

रिंग प्लास्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्यानं काढा, सुई किंवा सुरी लावू नका. खाच तंतू न सुटणाऱ्या कापडानं पुसा. कापसाच्या काड्या स्वतःच धागे सोडतात. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस दोन बोटांवर घेऊन रिंग त्यातून हळूच सरकवा. ती नुसती चमकायला हवी, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. जादा ग्रीस धूळच ओढतं. बोटांना खरखर लागली तर तिथे वाळू आहे, पुन्हा पुसा. ग्रीस त्याच कंपनीचं वापरा, कारण सिलिकॉनच्या रिंगला भलतं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते. सुट्या दोन रिंगा सफरीआधीच मागवा, बेटावर त्या मिळत नाहीत.

पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा: हाउसिंगमध्ये कोरडा टिश्यू ठेवून पाच-सहा मीटर खाली न्या, सगळी बटणं दाबा, वर येऊन टिश्यू पाहा.

सफरीत

विमानात हाउसिंग घट्ट बंद ठेवू नका. हवेचा दाब बदलतो आणि उतरल्यावर झाकण उघडता उघडत नाही. मुख्य रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. हाउसिंग सकाळी एसी खोलीत बंद करा, बोटीवर नको. किनाऱ्याची दमट हवा आत कोंडली की २० मीटरवर थंड पाण्यात काचेवर धुकं येतं. सोबत सिलिका जेलची पातळ पुडी घाला, पण ती रिंगपासून दूर. परदेशी जात असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून साहित्याची नोंद करून घ्या, परतताना बिलावरून वाद होत नाही.

पाण्यात उडी कॅमेरा हातात धरून मारू नका. आधी उतरा, मग बोटीवरून तो हातात घ्या. बोटीवरच्या सामायिक टबात तो ठेवून जाऊ नका, तिथे मास्क आणि इतर कॅमेरे त्यावर आदळतात.

आत थेंब दिसला तर पोर्ट खाली करा म्हणजे पाणी तिथे साचेल, कॅमेरा बंद करा आणि नेहमीच्याच वेगानं, सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा सुरक्षेचा थांबा) घेऊन वर या. कॅमेऱ्यासाठी घाई करून जीव धोक्यात घालू नका. वर आल्यावर लगेच बॅटरी काढा.

डाइव्हनंतर हाउसिंग बंद ठेवूनच अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. दांड्यांत अडकलेलं मीठ असंच निघतं. ते वाळलं तर त्याचे खडे बारीक रिंगा कापतात. पाणी मिळणार नसेल तर ओल्या टॉवेलात गुंडाळून न्या. उघडताना आधी केस आणि हात कोरडे करा, पोर्ट खाली ठेवा, म्हणजे कडेचा थेंब कॅमेऱ्यावर पडणार नाही. सफर संपली की मुख्य रिंग काढून ग्रीस लावून पिशवीत ठेवा आणि झाकणाचा खटका सैल सोडा.